तू कुणाचा? मार्केट यार्डातल्या तीन पिढ्या आणि त्यांचे खेळाडू

आजची गोष्ट हलगीच्या आवाजापासून सुरू होते आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येऊन थांबते. मध्ये शंभरेक वर्षांचा प्रवास आहे, त्यामुळे चहा घेऊन बसा.

14 जानेवारी 2023. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची रात्र. कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्त्या झाल्या होत्या आणि माझ्या फोनवर एकच व्हिडिओ धडाधड येत होता. माती विभागाची लढत, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी त्याला 4 गुण दिले आणि पारडं फिरलं. सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं होतं की तो पूर्ण पाठीवर आलाच नव्हता, त्यामुळे गुण 2 च व्हायला हवे होते. व्हिडिओ बारा-पंधरा सेकंदांचा. स्लो मोशनमध्ये, लाल गोल काढलेला, मागे रडकं संगीत. मी तावातावानं तो आबांना दाखवायला गेलो.

आबा म्हणजे माझे आजोबा. मुळशी तालुक्यातल्या एका गावातून तरुणपणी पुण्यात आले आणि आयुष्यभर भुसार बाजारात हमाली केली. आधी नाना पेठेत, मग बाजार गुलटेकडीला हलला तसे मार्केट यार्डात. पप्पांनी तिथेच एका गाळ्यावर दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले. मी हिंजवडीत कोड लिहितो. आणि गंमत म्हणजे हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. म्हणजे तीन पिढ्यांत आमच्या घरानं फक्त एक यू-टर्न घेतलाय.

तर, आबांनी व्हिडिओ पाहिला. फोन परत दिला. म्हणाले, "तू कुणाचा?"

मी म्हटलं, "सिकंदरचा."

"कधीपासून?"

मी अडखळलो. कारण खरं उत्तर होतं, साधारण वर्षभरापूर्वी त्याचं एक रील दिसलं तेव्हापासून. आबा हसले आणि म्हणाले, "तुम्हा पोरांचं असंच. आज हा, उद्या तो. निष्ठा नाही."

हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललं असेल. कुस्तीबद्दल नसेल, क्रिकेटबद्दल असेल. "आमच्या वेळी असं नव्हतं." मला ते लागलं. म्हणून मी जरा मागे जाऊन बघितलं, की आमच्या वेळी म्हणजे नेमकं कसं होतं? लोक आपला खेळाडू ठरवायचे कसे? आजचा भाग त्यावर आहे.

आबांचा तो प्रश्न लक्षात ठेवा. "तू कुणाचा?" जत्रेतल्या मैदानात शेजारी अनोळखी माणूस येऊन बसला, की हाच प्रश्न विचारायचे. कुठल्या मल्लाच्या बाजूचा, कुठल्या तालमीचा, कुठल्या गावचा. सगळं एकाच प्रश्नात.

सुरुवात आबांच्याही आधीपासून करू. विसावं शतक नुकतंच लागलंय. मुंबईत क्रिकेटची सगळ्यात गाजलेली स्पर्धा होते आणि तिच्यात टीम कशा आहेत? युरोपियन, पारशी, हिंदू. 1912 पासून मुस्लिम. 1937 पासून उरलेल्या सगळ्यांची मिळून "द रेस्ट". म्हणजे मॅच बघायला गेलेल्या माणसाला आपली टीम निवडायचीच नव्हती. ती जन्माच्या दाखल्यावरच लिहून आलेली. तू कुणाचा? तर आईबाप ज्यांचे, त्यांचा.

आणि त्यातही आत कप्पे होते. पळवणकर बाळू हे नाव ऐकलंय? चर्मकार समाजातला मुलगा, पुण्यात वाढला. पारशांच्या क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात मैदानाची कामं करायचा, खेळपट्टी सारवायची, नेट लावायची. तिथल्या साहेबांना सरावासाठी बॉल टाकता टाकता तो त्या काळातला देशातला सगळ्यात भारी डावखुरा स्पिनर झाला. पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला टीममध्ये घेतलं. मैदानावर त्यानं टाकलेला बॉल बाकीचे हातात घ्यायचे. पण चहाच्या सुट्टीत त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेट काढल्या. तरीही हिंदूंच्या टीमचा कर्णधार म्हणून त्याला कधी नेमलं नाही. तो मान 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला आणि विठ्ठलच्या टीमनं ती स्पर्धा जिंकली.

हे सांगतोय कशासाठी? कारण "आमच्या वेळची निष्ठा" म्हणताना ही निष्ठाही त्यात येते. टाळ्या बाळूसाठी वाजत होत्या, पण पॅव्हेलियनचं दार बंद होतं. 1940 मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या क्रिकेटला उघड विरोध केला आणि 1945-46 नंतर ती स्पर्धा संपली. चांगलंच झालं.

आता आबांच्या काळात येऊ. इथं क्रिकेट नाही, इथं लाल माती.

1952 ची गोष्ट. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, पण पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा ब्राँझ मेडल घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

जरा विचार करा. फॅन हा शब्द माहीत नसलेली ही माणसं. आपला माणूस जिंकेल की नाही हे कळायच्या आधी त्यांनी पैसे दिले, आणि परत काय मिळणार तर बैलगाडीत बसून ओरडायला. मला ही चाहतेपणाची सगळ्यात महागडी व्याख्या वाटते.

1961 मध्ये महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पहिले केसरी दिनकर दह्यारी. ही स्पर्धा उभी करणारी कुस्तीगीर परिषद ज्यांनी स्थापन केली ते मामासाहेब मोहोळ आमच्या मुळशीचेच, मुठा गावचे. त्यामुळे आबांच्या गावात कुस्ती हा खेळ नव्हता, ती घरची गोष्ट होती. पुण्यात आल्यावरही तेच. पेठेपेठेत तालमी. चिंचेची तालीम तर 1783 ची, म्हणजे शनिवारवाड्यात पेशवे होते तेव्हाची. दिवसभर पाठीवर शंभर किलोची पोती वाहिलेला माणूस संध्याकाळी तालमीच्या दारात जाऊन उभा राहायचा, नुसती पोरांची जोर-बैठक बघायला. आबा म्हणतात, "वजन काय असतं ते आम्हाला माहीत होतं ना. त्यामुळे समोरच्याला उचलणाऱ्याची किंमत कळायची."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं. आबांची पिढी खेळ शरीरानं बघायची. आपल्या खांद्याला, गुडघ्याला ठाऊक असलेली गोष्ट समोर कुणीतरी जास्त चांगली करतंय, हे बघायचं होतं. मी कव्हर ड्राइव्हबद्दल अर्धा तास बोलू शकतो, पण सीझन बॉलचा मार मला कधी बसलेला नाही.

जत्रेचं मैदान कसं असायचं? सकाळी पोरांच्या रेवड्यांच्या, नारळाच्या कुस्त्या. मग चढत्या इनामाच्या. आणि शेवटी, ऊन उतरल्यावर, मोठी जोड. हलगी कडाडायची, शड्डू घुमायचे. कुस्ती निकाली असली तर वेळेचं बंधन नाही. तासभर दोघं एकमेकांना नुसते दाबत बसले तरी कुणी उठायचं नाही. आता आपल्याला तीस सेकंदांच्या जाहिरातीत "स्किप" दिसलं नाही तर राग येतो.

आबांचा देव म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्यातला गडी, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. 1969 चा महाराष्ट्र केसरी, 1970 ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. आणि मग 1977, बेळगाव. समोर दिल्लीचा सतपाल. त्या कुस्तीत बिराजदारांनी सतपालला हरवलं, आणि आबांच्या सांगण्यानुसार दुसऱ्या दिवशी भुसार बाजारात पोती हलकी झाली होती. आबा बेळगावला गेले नव्हते. ऐकलं होतं, वाचून घेतलं होतं. पण आजही ती कुस्ती ते अशी सांगतात की जणू आखाड्याच्या कडेला बसले होते. पुढे बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून आले, तेव्हा आबांना वाटलं की देवच पेठेत राहायला आला.

म्हणजे आबांचं उत्तर ठरलेलं. तू कुणाचा? गावचा, तालमीचा, आणि त्यामुळे त्या मल्लाचा.

आता पप्पांची पिढी. इथं खेळ बदलला आणि उत्तरही बदललं.

ते बदलायला आधी भाषा बदलावी लागली. क्रिकेट म्हणजे साहेबांचा खेळ, त्याची कॉमेंट्री इंग्रजीत. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगायला घेतलं. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. आज हे साधं वाटतं. पण गाळ्यावर ट्रान्झिस्टर लावून पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या माणसाला क्रिकेट पहिल्यांदा "आपल्याशी" बोललं, ते असं. मग टीव्ही आला. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन, पुढे सिंहगडावरच्या केंद्रावरून पुण्यात. 1983 ला कपिल देवच्या टीमनं वर्ल्ड कप आणला. आणि 5 डिसेंबर 1984 ला, यार्डापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर पहिली आंतरराष्ट्रीय वनडे झाली. भारत-इंग्लंड. वेंगसरकरनं शतक ठोकलं, मग गॅटिंगनंही ठोकलं आणि इंग्लंड जिंकलं. चालायचंच.

तू कुणाचा? पप्पांच्या पिढीचं उत्तर एकच: इंडियाचा. त्यात तालीम नाही, जात नाही, पेठ नाही. बाळूंच्या काळापासून बघितलं तर केवढी मोठी उडी आहे ही.

पप्पांची लाडकी आठवण मात्र इंडियाच्या मॅचची नाहीच. 29 फेब्रुवारी 1996. वर्ल्ड कप. नेहरू स्टेडियमवर केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. पप्पा पंचविशीत. सकाळची आवक संपवून, डब्यातली भाकरी खाऊन, मित्रांबरोबर चालत गेले. कारण काय? लारा. लाराला डोळ्यांनी बघायचं. केनियानं 166 केल्या, म्हणजे मॅच लवकर संपणार आणि यार्डात परत वेळेत जाता येणार, असा हिशेब. लारा आला आणि 8 वर आऊट. वेस्ट इंडीज 93 ऑल आऊट. केनिया 73 धावांनी जिंकला. केनियाची पोरं मैदानाला फेरी मारत होती आणि लाराला बघायला आलेले पप्पा उभे राहून केनियासाठी शिट्ट्या मारत होते. "त्या दिवशी मी दोन तास केनियाचा होतो," असं ते अजून सांगतात.

पण ही पिढीही काही संत नव्हती. त्याच वर्ल्ड कपची सेमीफायनल, 13 मार्च 1996, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. भारत हरतोय हे दिसल्यावर प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आग लावली, आणि मॅच श्रीलंकेला बहाल करावी लागली. ट्रोलिंग आम्ही शोधून काढलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते फुटेज बघावं. तेव्हा फक्त कॉमेंट बॉक्स नव्हता, बाटली होती.

आता आपण. म्हणजे मी आणि हेडफोनमधले तुम्ही.

नेहरू स्टेडियमवर शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच नोव्हेंबर 2005 मध्ये झाली. 2012 पासून क्रिकेट गहुंज्याला गेलं. एक्स्प्रेसवेच्या कडेला, सुंदर स्टेडियम. पण यार्डातून चालत नाही जाता येत. गाडी पाहिजे, नाहीतर मित्राची गाडी पाहिजे, आणि अख्खा दिवस पाहिजे. पप्पा तिथं आजवर एकदाही गेलेले नाहीत. म्हणजे माझ्या पिढीच्या हातात फोन आला तोपर्यंत मैदान हमालाच्या पायांपासून दूर गेलेलं होतं. "फोनमुळे पोरं मैदानात जात नाहीत" हे अर्धं खरं आहे. मैदानही आपल्यापासून उठून गेलं होतं.

त्यात पुण्याची टीम. 2011 ला पुणे वॉरियर्स आली, 2013 ला संपली. 2016 ला रायझिंग पुणे आली, दोनच वर्षांसाठी, तीही चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती म्हणून. 21 मे 2017 ची फायनल आठवते? मुंबईच्या 129, आपल्या 128. एका रननं गेली, आणि नंतर टीमच गेली. मग 2018 मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅच गहुंज्याला आल्या. चेन्नईहून पिवळ्या कपड्यातल्या चाहत्यांची अख्खी ट्रेन पुण्यात उतरली. आणि 2024 पासून त्या टीमचा कर्णधार कोण? आपला ऋतुराज गायकवाड.

माझा धाकटा मावसभाऊ पिवळा टीशर्ट घालून फिरतो, तेव्हा पप्पा चिडतात. "पुण्यात राहतोस आणि चेन्नईचा?" पण त्याच्या बाजूनं बघा. त्याच्या शहरानं त्याला दोनदा टीम दिली आणि दोनदा काढून घेतली. त्यानं जे टिकलं ते धरलं. ह्याला निष्ठा नाही म्हणायचं की निष्ठेची हौस म्हणायची?

तर आपलं उत्तर काय? तू कुणाचा? "ज्याचा वाटेन त्याचा." आपण पहिली पिढी आहोत जी निवडते. जन्म, गाव, देश, कशानंच ठरत नाही. लिव्हरपूलचा असू शकतो, पुणेरी पलटणचाही. पलटणनं 1 मार्च 2024 ला हरयाणाला हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा आबांनी शांतपणे विचारलं होतं, "ही हुतूतूच ना?"

आणि ह्या निवडण्यातून एक गोष्ट अशी झाली जी आधीच्या कुठल्याच पिढीत झाली नव्हती. त्या संक्रांतीच्या वादात आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू कुणाचा, तू कुणाचा. मला कुणी कधी विचारलं का, तू कुणाची?"

घर गप्प. जत्रेचं मैदान तिच्या माहेरात घरापासून हाकेवर होतं. आवाज ऐकत तिनं भाकऱ्या थापल्या, पण ती कुस्ती तिनं कधी बघितली नव्हती. बायका जायच्या नाहीत. संपलं. तिनं आयुष्यातली पहिली पूर्ण कुस्ती माझ्या फोनवर बघितली. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, ती. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप उचलला, तेव्हा आजी रात्री बारापर्यंत जागी होती. तिला ऑफसाइड-लेगसाइड कळत नाही. पण आता तिच्याकडे उत्तर आहे. "मी स्मृतीची." सांगलीची पोरगी ना ती.

म्हणून "आमच्या वेळी निष्ठा होती" म्हणताना हेही विचारायला हवं, की आमच्या म्हणजे कुणाच्या वेळी?

पण मंडळी, आता आपली बाजू घेऊन झाली. आता आपला हिशेब.

निवडण्याचं स्वातंत्र्य मिळालं, त्याच्याबरोबर दोन गोष्टी आल्या. पहिली, फँटसी अ‍ॅप. कॉलेजात असताना आमचा अख्खा ग्रुप त्यात होता. त्यात तुम्ही दोन्ही टीममधले खेळाडू मिसळून स्वतःची टीम करता. एकदा भारताची विकेट पडली आणि मी टाळी वाजवली, कारण बोलर माझ्या टीममध्ये होता. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती नजर अजून आठवते. 49 रुपये लावले होते मी. तू कुणाचा? माझा स्वतःचा. खाशाबांसाठी घर गहाण टाकणारे खर्डेकर आणि 49 रुपयांसाठी आपल्याच विकेटवर टाळी वाजवणारा मी. दोघांनीही पैसे लावले होते, फरक कुणासाठी लावले एवढाच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे हे ऑनलाइन खेळ बंद झाले. पण सवय कायद्यानं जात नाही, ती आपणच घालवायची.

दुसरी गोष्ट, तो बारा सेकंदांचा व्हिडिओ. प्रत्येकाच्या हातात रिप्ले आहे, म्हणून प्रत्येक जण पंच आहे. ह्यात चांगलं नाही असं नाही. चूक दडपता येत नाही. पण 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते आपण पाहिलं. निर्णयावरून वाद, पंचाला लाथ, दोन मोठ्या मल्लांवर तीन वर्षांची बंदी. आणि खाली आपण, दोन्ही बाजूंनी आगीत तेल ओतायला तयार.

आता परत त्या रात्रीकडे. आबांनी फोन परत दिला होता. "तू सिकंदरचा. बरं. तो कुठल्या तालमीचा?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर फॅन होतो आणि माहीत नव्हतं.

"गंगावेशचा," आबा म्हणाले. "बिराजदारांच्या तालमीचा. आणि त्याचा बाप मोहोळला हमाली करायचा. हे तरी माहीत आहे का?"

हेही माहीत नव्हतं. हमालाच्या नातवाला माहीत नव्हतं की तो ज्याच्यासाठी भांडतोय तो हमालाचा मुलगा आहे. रीलमध्ये ते आलंच नव्हतं.

आबा म्हणाले, "आम्हाला आधी तालीम मिळायची, मग मल्ल. तुम्हाला मल्ल मिळतो एकटा. हवेत लटकलेला. मग तुम्ही तरी काय करणार." आणि थोड्या वेळानं, "हे तुकडे नको. कुस्ती सुरुवातीपासून लाव."

यूट्यूबवर पूर्ण लढत शोधली. टीव्हीला जोडली. आबांनी ती एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली. पाय कुठे पडतोय, कोण आधी दमलं, कुणाची पकड ढिली झाली, हे ते बोटानं दाखवत होते, आणि मला कळलं की त्या टांगेच्या आधी बरंच काही घडून गेलं होतं जे मी बघितलंच नव्हतं. गुण 2 की 4, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "तू पंचापेक्षा जवळून बघितलंस. पण कमी वेळ बघितलंस."

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा महाराष्ट्र केसरी होती, पुण्याजवळच फुलगावला. मी आबांना आणि पप्पांना गाडीत घालून घेऊन गेलो. आबांच्या शेजारी एक मुलगा बसला होता, सतराएक वर्षांचा, मोबाइल वर धरून. आबांनी विचारलंच, "तू कुणाचा?"

"सिकंदरचा."

"गाव?"

"कात्रज."

"मग सिकंदरचा कसा?"

पोरगा गोंधळला. म्हणाला, "आवडतो."

आबा काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. बिराजदार तरी त्यांच्या गावचे कुठे होते? लातूरचे होते. आबांनाही ते आवडायचे, एवढंच.

फायनलला सिकंदर विरुद्ध शिवराज राक्षे. हलगी वाजली, आणि काही सेकंदांत सिकंदरनं कुस्ती मारली. आबा सुरुवातीपासून बघायला आले होते, पण सुरुवात आणि शेवट एकत्रच झाला. त्या पोराचा व्हिडिओ हलला होता, त्याला काहीच नीट मिळालं नव्हतं. आबांनी त्याला स्वतःकडे वळवलं आणि दोन्ही हातांनी तो डाव हवेत करून दाखवला, हळूहळू. पोरगा मोबाइल खिशात ठेवून बघत होता.

तर मंडळी, ह्या आठवड्यात एक करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तुम्ही कुणाचे होता?" आजीला आधी विचारा. आणि मग तुम्ही ज्याचे आहात त्याची एक तरी मॅच, सुरुवातीपासून, त्यांच्या शेजारी बसून बघा. भेटू पुढच्या भागात. राम राम.